पिशवी मोकळी कधी व्हायची?

वडवणीहून तेलगावकडं जाताना आडरस्त्याला उपळ्याची वाडी लागते. त्या वाडीत बारा चाकांचा ट्रेलर शिरला तेव्हा मालनबाई सरपंच विहिरीच्या काठावर बसून टँकरची वाट बघत होती. आधी धुरळा दिसला, मग हॉर्न आला, आणि त्याच्या पुढं विचार करायचं कुणाला सुचलंच नाही. दुष्काळात हॉर्न वाजला म्हणजे पाणी आलं. घराघरातून बाया निघाल्या. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि मागून गडगडत येणारे निळे ड्रम.

ट्रेलर विहिरीपाशी थांबलाच नाही. तो सरळ पुढं गेला आणि द्राक्ष सोसायटीच्या फाटकात उभा राहिला. बाया त्याच्यामागं पळाल्या, आणि बघता बघता फाटकापासून शाळेच्या भिंतीपर्यंत भांड्यांची रांग लागली.

वाडीत रांगेचा कायदा असा, की माणूस नसलं तरी चालतं, भांडं पाहिजे. भांडं ठेवलं की नंबर लागला. उचललं की नंबर गेला, मग तुम्ही सरपंच असा नाहीतर सरपंचाची सासू.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन सर्जेराव बुलेटवरून आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "अय बायांनो! भांडी उचला! ह्यात पाणी न्हाई, वाइन हाय!"

कुणी हाललं नाही.

"असंल," केशरबाई म्हणाली. म्हातारीचा एक हात गळ्यात बांधलेला होता; मागच्या टँकरच्या वेळी विहिरीच्या पायऱ्यांवर पडली होती. "पर माझा तिसरा नंबर हाय. तेवढं ध्यानात ठिवा."

मालनबाई धापा टाकत पोचली. "चेअरमन, काय म्हणलाव? वाइन?"

"वाइन."

"म्हंजी दारू."

"दारू येगळी, वाइन येगळी, मालनबाई. वाइन फळाची असती."

"मोहाची फुलाची असती. ती काय देवाला वाहायची का?"

मालनबाईचं म्हणणं साधं होतं. दोन वर्षांमागं तिनंच गावातल्या बायांना घेऊन आडव्या बाटलीला मतं टाकली होती, दारूचं दुकान उठवलं होतं, आणि त्याच जोरावर सरपंच झाली होती. आता त्याच वाडीत बारा चाकांवर बसून दारू आली होती, तीही सोसायटीच्या नावानं.

सर्जेरावांनी घाम पुसला आणि समजावून सांगायला घेतलं. "आवो, सोसायटी द्राक्षाची. पर द्राक्षं कुटं हायती? येल जळून सरपण झालं. मशीन मातर बसून हाय. बाटल्या, बुचं, भरायचं मशीन, समदं अनुदानात आलं. मशीन चाललं न्हाई तर सोसायटी मोडीत निगती. मंग काय करायचं? माल भायेरून आणायचा आन् हितं भरायचा."

"भायेरून म्हंजी? नाशकाहून?"

"आफ्रिकेहून. जहाजानं."

"मंग तिकडंच बाटल्या भरून आणायच्या की. निम्मं काम झालं असतं."

"हितंच तर ग्यान हाय!" सर्जेराव खूश झाले. "काच जड असती. ती कावून समुद्रावरून न्यायची? तेवढ्याच डब्यात बाटल्या निम्म्या बसतात, आन् पिशवीत भरलं की दुप्पट माल येतो. मोठमोठे देश असंच करायलेत. माल तिकडचा, बाटली हिकडची."

मालनबाईला हे कळलं, आणि नाही पण. द्राक्ष पिकवणाऱ्यांची सोसायटी. तिच्याकडं द्राक्षं नाहीत. म्हणून तिनं आफ्रिकेतल्या द्राक्षांचा रस आंबवून, पिशवीत घालून, समुद्रावरून आणला, तो दारूबंदीच्या गावात बाटलीत भरायला, आणि तो पिणार पुण्यामुंबईचे लोक. एकेक वाक्य तिला पटत होतं. सगळी एकापुढं एक ठेवली की डोकं गरगरत होतं.

"हितं कुणी थेंब प्यायचा न्हाई," एवढं मात्र तिनं बजावलं.

"न्हाईच की. आमी निस्तं भरणार."

साखर कारखान्याची क्रेन आणून ट्रेलरवरचा कंटेनरचा लोखंडी डबा सोसायटीच्या अंगणात उतरवला. डबा सर्जेरावांनी विकतच घेतला होता. वाइन संपली की त्याला खिडकी पाडून चेअरमनची केबिन करायची, असा बेत होता. मोटारी दुरुस्त करणाऱ्या नबीभाईनं दार उघडलं. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छातीच्या वर येईल एवढी, पांढरी तटतटलेली पिशवी पसरली होती. तिला खालच्या अंगाला एकच तोंड, त्यावर चावीसारखा फिरवायचा वॉल, आणि वॉलवर सील.

"या अल्ला," नबीभाई मागं सरला. "पिशवी हाय का हत्ती निजलाय?"

मालनबाईनं पुढं होऊन पिशवीवर हात ठेवला. वाइन, आफ्रिका, पुणं, सगळं ती विसरली.

वाडीच्या विहिरीचं दुखणं असं होतं. मागल्या उन्हाळ्यात ती खोल करायला तळाला सुरुंग लावला. पाणी लागलं नाही, भेग तेवढी पडली. तेव्हापासून टँकर यायचा, विहिरीत ओतून जायचा, आणि दिवस उजाडेपर्यंत विहीर ते सगळं गिळून बसायची. म्हणून टँकर आला की गर्दीत मारामारी. पुढचा टँकर कधी येईल ते तहसीलदारालाही ठाऊक नसायचं. एक धड, न गळणारी जागा असती, तर वाडी शांतपणे पाणी पुरवून प्याली असती.

"नबीभाई, हिच्यात किती मावतं?"

"दोन टँकर आरामात, अक्का."

"चेअरमन, हिचं नंतर काय करताव?"

"काय करायचंय? एकडाव वापरली की फेकायची."

"मला द्या."

"घ्या की! मोकळी झाली की तुमची. समद्यांसमोर शब्द देतो."

"मंग करा मोकळी."

"करतो. बाटल्या धुतल्या की लगेच."

"धुवा मंग."

"पाणी द्या."

"टँकरचं पाणी पिण्याचं हाय. धंद्याला थेंब द्यायचा न्हाई असा वरचा हुकूम हाय."

"साठवलेल्यातलं द्या."

"साठवायला पिशवी कुटं हाय?"

"पिशवीत वाइन हाय."

"ती काढा की."

"काढली तर घालू कशात? बाटल्या धुतल्याल्या न्हाईत."

इथं दोघं थांबले. मालनबाईनं मातीत बोटानं एक गोल काढला, त्यावर पिशवी, पाणी, बाटली, वाइन असे चार खडे ठेवले, आणि कुठला आधी उचलायचा ते बघत बसली. एक उचलला की तीन अडत होते.

"आन् सोसायटीची ती मोठी स्टीलची टाकी? तिच्यात ओता की," तिला एकदम आठवलं.

सर्जेराव खोकले. "ती एका संचालकाच्या मेव्हण्याला दिलती. उसनी. त्याच्या दूध डेअरीला."

"मागून आणा."

"आता तिच्यात दूध हाय."

त्यानंतर संचालक मंडळाची बैठक झाली आणि डब्यावर ताडपत्री घालून सावली करायची असा ठराव एकमतानं पास झाला. ताडपत्री वाऱ्यानं नेली. भांड्यांची रांग मात्र जागेवरच होती. रोज संध्याकाळी बाया यायच्या, आडवे झालेले हंडे उभे करायच्या, आपापला नंबर डोळ्यांनी तपासायच्या आणि घरी जायच्या. मालनबाईनं दहादा सांगितलं की ह्या रांगेला काही मिळणार नाही. तिचा स्वतःचा ड्रम सतरावा होता, त्यामुळं ती जास्त जोरात सांगू शकत नव्हती.

ऊन वाढलं. डब्याचा पत्रा दुपारी असा तापायचा की त्यावर पापड भाजून निघावा. एके दिवशी नबीभाईनं पिशवीला कान लावला आणि तो गंभीर झाला.

"अक्का, आत काहीतरी बोलायलंय."

"काय बोलायलंय?"

"बुडबुड बुडबुड. आन् पिशवी फुगायली. कालपरवापर्यंत हितं माझा हात जात होता, आता बोट बी जाईना."

सर्जेराव पळतच आले. "फुटली तर?"

"फुटली तर गावातून वढा वाहील, चेअरमनसाब. दुष्काळ हटला म्हणून पेपरात येईल."

मालनबाईनं पिशवीच्या शिवणी चाचपल्या. वाइन गेली तर तिचं काही जात नव्हतं. पण पिशवी फाटली तर? तिनं त्याच पावली सर्जेरावांना एक्साइजच्या साहेबाला फोन लावायला लावला.

बद्रीनाथ साहेब जीपमधून उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात लाखेची कांडी होती आणि दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. माणूस सज्जन, आवाज हळू. त्यांनी पिशवी बघितली, सील बघितलं आणि सांगितलं, "वॉलचं सील माझ्यासमोर तोडायचं. माल योग्य भांड्यात काढायचा. प्रत्येक भांड्याला मी सील लावणार, आणि ते पुन्हा मीच तोडणार, तेही समोर रिकामी बाटली भरायला तयार असेल तेव्हाच."

"योग्य भांडं म्हंजी कसलं, साहेब?" मालनबाईनं विचारलं.

"स्वच्छ असावं, झाकता यावं आणि गळू नये."

मालनबाईनं नुसता हात लांब केला. साहेबांनी तिकडं बघितलं. फाटकापासून शाळेच्या भिंतीपर्यंत भांडी उन्हात चमकत होती.

"हे हंडे आहेत," साहेब म्हणाले.

"गळत न्हाईत. ह्या दिवसात गळका हंडा ठिवतंय कोण?"

साहेब विचारात पडले. हंडा चालत नाही असं त्यांना कुठं वाचल्याचं आठवेना. चालतो असंही आठवेना. शेवटी डब्याचा पत्रा कडाडला आणि त्या आवाजानं निकाल लागला.

"घ्या," ते म्हणाले.

मालनबाई रांगेसमोर उभी राहिली. "बायांनो, ऐका! ही घाण एकडाव काढून दिली की पिशवी आपली. मंग पाणीच पाणी. भांडी दोन दिवस सोसायटीच्या शेडात ऱ्हातील, त्यांच्या बाटल्या भरल्या की वापस."

"नंबरानं!" केशरबाई ओरडली. "जे काय करायचं ते नंबरानं!"

"मावशी, ती वाइन हाय."

"मला ठाव हाय. म्हणून काय चवथी माझ्या आदी भरंल?"

तेव्हा वाइन नंबरानं निघाली. नबीभाईनं नाकातोंडाला रुमाल बांधला. "मी पान्याला हात लावतो, मालाला न्हाई," असं त्यानं आधीच सांगून ठेवलं आणि वॉल फिरवला. लाल धार पडली. पहिला हंडा भरला, दुसरा भरला, केशरबाईचा तिसरा भरला. बद्रीनाथ साहेब भांड्याच्या तोंडावर फडकं बांधायचे, गाठीवर लाख ठिबकवायचे, शिक्का मारायचे आणि हळू आवाजात "पुढचं" म्हणायचे. सगळं इतकं शिस्तीत चाललं होतं की सर्जेरावांनी फोटो काढून घेतला.

रांग निम्मी झाली, संपत आली. पिशवी तशीच.

"नबी, जरा बंद कर बे," सर्जेराव म्हणाले. "आता भांडी बघू कुटं..."

नबीभाईनं वॉल फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग हात वर करून दाखवला. वॉलची मूठ त्याच्या हातात आली होती.

"काय बंद करू, चेअरमनसाब?"

"आता?"

"आता भांडी आणा!" मालनबाई ओरडली.

वाडी उलटी पालटी झाली. जी ती घराकडं पळाली. बादल्या आल्या, घमेली आली, दुधाची कॅन आली, पिठाचे डबे पीठ चादरीवर ओतून आले. शाळेतलं खिचडीचं पातेलं दोघी जणी ओढत आल्या. केशरबाईनं लग्नातलं तांब्याचं घंगाळ पाठवलं. आंबट माल पडल्याबरोबर ते आतून असं लख्ख झालं की म्हातारी एका हातानं गाल धरून बघत राहिली. "अगं बाई, चिंच लावून कधी एवढं निगालं न्हाई." बद्रीनाथ साहेबांची तर बोटं लाखेनं चिकटून गेली. कुणीतरी त्यांच्या हातात जे दिलं ते त्यांनी धारेखाली धरलं, झाकण लावलं, शिक्का मारला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की तो आपलाच थर्मास. आता तो सील झालेला शासकीय मुद्देमाल होता. चहाचं झालं काय, ते त्यांनी विचारलं नाही.

शेवटची गुळणी बाहेर पडली आणि पिशवी डब्याच्या तळाशी चपटी होऊन पडली. बाया अंगणात मटकन बसल्या. एका शेळीनं सांडलेलं चाटलं होतं, ती एकाच जागी गोल फिरत होती. बद्रीनाथ साहेबांनी सगळी भांडी शेडात मोजून घेतली, शेडाला कुलूप लावलं, कुलपावर सील लावलं, आणि चहा न पिता बीडला निघून गेले. सर्जेराव प्लांटच्या उद्घाटनाचे हार सांगायला वडवणीला गेले. नबीभाईनं पाण्याच्या पंपाचा एक जुना वॉल काढून पिशवीला बसवला.

आणि तेव्हा हॉर्न वाजला.

ह्या वेळी खरंच टँकर होता. ड्रायव्हर सटवा सवयीनं विहिरीकडं वळत होता, मालनबाई चाकासमोर आडवी झाली. "विहिरीत न्हाई! हिकडं घे! पिशवीत!"

"पिशवीत?" सटवानं डोकं बाहेर काढलं. "अक्का, दोन टँकरची पिशवी कुटं असती का?"

"आफ्रिकेत असती. घे वळवून."

नळी जोडली. पाणी आत जायला लागलं, पिशवी हळूहळू अंग उचलायला लागली, आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. एक थेंब बाहेर नाही, एक थेंब खाली नाही. सटवानं नळी गुंडाळली आणि तो धुरळा उडवत निघून गेला. आख्ख्या टँकरचं पाणी एका जागी, सावलीत, कुलपाच्या दाराआड. मालनबाईला रडू येईल असं वाटलं.

"बरं," केशरबाई म्हणाली, "आता न्यायचं कशात?"

सगळ्यांनी आपापल्या काखेकडं बघितलं. काखा मोकळ्या होत्या.

"घरात काय हाय?" मालनबाईनं विचारलं.

"घरात काय असंल? तूच म्हणलीस आणा, आणा. तांब्यासुदीक शेडात हाय."

"माझा वाटीचमच्याचा डबा बी."

"माझी पाट्याखालची परात!"

मालनबाईनं शेडाकडं बघितलं. कुलपावर लाख, लाखेवर शिक्का. ते तोडलं तर सरपंचबाईनं दारूचं सील तोडलं असं होणार, म्हणजे पदही गेलं आणि तोंडही गेलं. साहेब येऊन सील तोडतील, पण रिकामी बाटली धुऊन तयार असेल तेव्हाच, आणि धंद्याच्या बाटलीला टँकरचा थेंब द्यायचा नाही. तिला पुन्हा तो गोल दिसायला लागला. फक्त आता खडे कुठल्या क्रमानं होते तेच आठवेना. समोर पाणी, घशाला कोरड, आणि गावात एक वाटी नाही. ती दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसली, आणि बसली ती नेमकी बाटल्यांच्या खोक्यावर.

खोकी पलीकडच्या पडवीत छतापर्यंत रचलेली होती. आत नव्याकोऱ्या बाटल्या. फोटोला बरी दिसावी म्हणून सर्जेरावांनी कागदसुद्धा आधीच चिकटवून घेतला होता: द्राक्षाचा घड, आणि घडाच्या मधोमध हसणारे सर्जेराव.

"ह्यांला सील हाय का?" मालनबाईनं नबीभाईला विचारलं.

नबीभाईनं बाटली उलटी करून बघितली. "ह्यांला निस्ता चेअरमन हाय."

"मंग फोडा खोकी."

पहिल्या पाण्यानं बाटल्या खळखळून विसळल्या, ते पाणी लिंबाच्या झाडाला घातलं, दुसऱ्या पाण्यानं भरल्या. कुणी पदरात सहा बांधल्या, कुणी पाटावर ओळीनं उभ्या करून दोघींनी पाट उचलला. केशरबाईनं गळ्यातल्या झोळीत, मोडक्या हाताच्या शेजारी, दोन निजवल्या. रिकाम्या करून बाया परत यायच्या आणि पुन्हा भरायच्या. दिवस मावळतीला गल्लीगल्लीतून बाटल्या चालल्या होत्या.

सर्जेराव हार घेऊन आले आणि हे बघतच राहिले. बुलेट बंद करायचं त्यांना सुचलं नाही. दारादारात, चुलीपाशी, म्हशीच्या गोठ्यात, जिथं बघावं तिथं त्यांचंच तोंड हसत होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"प्लांट सुरू झाला?" ते पुटपुटले. "माझ्यामागं सुरू झाला?" त्यांनी एकीच्या हातातली बाटली घेतली, उंच धरली, घोट घेतला, आणि थुंकला. "आगं, हे पाणी हाय!"

"मंग काय पायजे होतं?" मालनबाई पुढं आली.

"बाटल्यात पाणी कावून भरलं?"

"हंड्यात वाइन कावून भरली?"

"ती तुमीच भरली!"

"पिशवी मोकळी व्हावी म्हणून. झाली मोकळी. शब्द दिलाव तुमी."

"बाटल्या द्या वापस!"

"हंडे द्या वापस."

"हंडे मोकळे करायला बाटल्या पायजेत!"

"बाटल्या मोकळ्या करायला हंडे पायजेत."

सर्जेरावांनी बद्रीनाथ साहेबांना फोन लावला. बराच वेळ ते "हो साहेब, न्हाई साहेब, रिकामी न्हाई साहेब, भरलेली हाय साहेब" एवढंच बोलत होते. मग त्यांनी फोन खिशात घातला आणि हातातला हार नेमका कुणाला घालायचा ते न कळल्यामुळं बुलेटच्या हँडलला अडकवला.

"काय म्हणले?" नबीभाईनं विचारलं.

"सोमवारी येतो म्हणले. त्यांचा थर्मास बी आत हाय."

मालनबाई तिथं थांबली नाही. रात्रभर तिला डोळा लागला नाही. कधी वाटायचं नवा वॉल निसटला, कधी वाटायचं शिवण उसवली. उजाडता उजाडता ती उठली, एक रिकामी बाटली घेतली आणि सोसायटीकडं निघाली. वाटेत विहिरीत डोकावली. तळाशी भेग होती, सुकी ठणठणीत, नेहमीसारखी.

तिनं डब्याचं दार ओढलं. पिशवी काल संध्याकाळी बाया गेल्या तेव्हा जेवढी होती तेवढीच होती. तिनं दोन्ही तळवे तिच्या अंगावर ठेवून दाबलं. आतून पाण्यानं तिला उलट ढकललं. ती बाजूनं वाकून खालपर्यंत बघून आली. जमीन कोरडी होती.

सोमवारी काय होणार, वाइन कुणाची, बाटली कुणाची, हंडा आधी की बूच आधी, ह्यातलं तिला काहीच उलगडलं नव्हतं. तिनं वॉल सोडला. पाण्याला गुलाबी झाक होती आणि चव थोडी आंबूस. सरपंचबाईनं तिथंच उभ्या उभ्या, बाटलीच्या कागदावरच्या सर्जेरावांच्या कपाळावर अंगठा ठेवून, बाटली शेवटपर्यंत रिचवली आणि परत धारेखाली धरली.